ललबाय, लायलॅक आणि लेऑफ

कोजागरीच्या कार्यक्रमात मसाला दुधाचा दुसरा पेला हातात आला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "काही म्हणा, मराठीचा गोडवा काही इंग्रजीला नाही!" बोलणाऱ्याने वीस-पंचवीस वर्षे इंग्रजीवर संसार केलेला असतो. ऐकणारे माना डोलावतात आणि विषय घरांच्या किमतींकडे वळतो. हा निवाडा मला नेहमीच घाईचा वाटत आला आहे. एखाद्या भाषेला रुक्ष ठरवायचे तर निदान तिचे एक अक्षर तरी नीट तपासावे. म्हणून या लेखापुरते मी 'एल' हे अक्षर घेतले आहे. त्याला दोन कारणे आहेत. इंग्रजीभाषक स्वतः जेव्हा जेव्हा सुंदर शब्दांच्या याद्या करायला बसले, तेव्हा या अक्षराला त्यांनी पुढची रांग दिली. आणि या बाबतीत आपण मराठी माणसे त्यांच्याहून श्रीमंत आहोत. आपल्याकडे 'ल' आहे, वर 'ळ'ही आहे. तुलना करायला यापेक्षा चांगली जागा कुठली?

याद्यांमध्ये सर्वांत गाजलेली यादी विल्फ्रेड फंक यांची. शब्दकोश काढणाऱ्या फंक अँड वॅग्नल्स या प्रकाशनसंस्थेचे हे प्रमुख; कविताही करत. १९३२ साली त्यांनी इंग्रजीतले दहा सर्वांत सुंदर शब्द जाहीर केले : डॉन, हश, ललबाय, मर्मरिंग, ट्रँक्विल, मिस्ट, ल्यूमिनस, चाइम्स, गोल्डन आणि मेलडी. म्हणजे पहाट, नीरवता, अंगाई, गुणगुण, निवांतपणा, धुके, तेज, घंटांची किणकिण, सोनेरी रंग आणि सुरावट. दहांपैकी आठ शब्दांत 'ल' किंवा 'म' आहे. एलने सुरू होणारे दोन आहेत, ललबाय आणि ल्यूमिनस. पुढे १९९५ साली डेव्हिड क्रिस्टल या भाषाशास्त्रज्ञांनी लोकांना सुंदर वाटणाऱ्या शब्दांतले ध्वनी तपासले, तेव्हाही 'ल' आणि 'म' यांचेच पारडे जड निघाले. टॉल्किन तर याच्याही पुढे गेले. १९५५ साली ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानात त्यांनी 'सेलर डोअर' हे शब्द सुंदर शब्दांचा नमुना म्हणून मांडले. सेलर डोअर म्हणजे तळघराचे दार. अर्थ आणि स्पेलिंग बाजूला ठेवून नुसते ऐका, असे त्यांचे सांगणे होते.

या कानाच्या याद्या झाल्या. दुसऱ्या प्रकारची यादी ब्रिटिश कौन्सिलने २००४ साली आपल्या सत्तराव्या वर्षानिमित्त केली. मातृभाषा इंग्रजी नसलेल्या १०२ देशांतल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांचा कौल घेतला. पहिला शब्द आला 'मदर'. मागोमाग पॅशन, स्माइल, लव्ह आणि इटर्निटी. 'लिबर्टी'ही पहिल्या दहात होता. 'ललबाय' या यादीतही होता, पण बराच खाली. इथे लोकांनी कान बाजूला ठेवला आणि अर्थाला मत दिले, हे उघड आहे.

आता या दोन्ही याद्यांचा निकाल लावू.

फंक यांच्या यादीतले दहाही शब्द गोड आहेत याबद्दल वाद नाही. पण ती सलग दोनदा वाचा, डोळ्यांवर झापड येऊ लागते. सगळे शब्द मऊ उशीवर आडवे पडलेले. एकही शब्द चालत नाही, घाम गाळत नाही, कुणाशी भांडत नाही. १९३२ म्हणजे महामंदीचे साल. अमेरिकेतला जवळजवळ चौथा हिस्सा कामकरी वर्ग तेव्हा बेकार होता. त्या वर्षी सर्वांत सुंदर म्हणून जे दहा शब्द निवडले गेले, त्यांत एकालाही पोटापाण्याचा वास नाही. सौंदर्य म्हणजे विसावा, अशी ती समजूत आहे. अंगाई सुंदर असतेच. पण अंगाई गाणारी बाई दिवसभर राबून आलेली असते, तिचे काय?

नुसत्या नादावर शब्द सुंदर ठरतो, हा दावा तर फारसा टिकत नाही. आपल्याच भाषेत पाहा. लावण्य, लाघव, लय, लोलक, लुकलुक, लामणदिवा ही 'ल'ची एक पंगत. तिच्या शेजारीच लाच, लाचार, लबाड, लफंगा आणि लोचट मांडी घालून बसलेले. 'ळ'चेही तसेच. बाळ, लळा, जिव्हाळा, कळवळा, सोहळा असे शब्द आठवले की वाटते, हा वर्णच मायेचा. मग छळ, विटाळ, जळमट आणि गळू आठवतात. जिव्हाळ्यातला 'ळ' आणि छळातला 'ळ' यांत जिभेला काडीचाही फरक पडत नाही.

इंग्रजीत यापेक्षाही नेमका पुरावा आहे. 'ल्यूट' हे जुने तंतुवाद्य. त्याचे मूळ अरबी 'अल-ऊद'. त्यातला 'एल' हा अरबी उपपदाचा, युरोपात पोचता पोचता वाद्याला चिकटलेला. कुठल्याही कवीला हवासा वाटावा असा शब्द. दुसरा शब्द 'लूट', आपलाच. कंपनी सरकारच्या काळात अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी इंग्रजीत गेला आणि तिथेच राहिला. गंमत अशी, की अमेरिकन उच्चारात हे दोन शब्द तंतोतंत सारखे आहेत. डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाद्य कुठले आणि दरोडा कुठला, हे सांगता येणार नाही. नादच सर्वकाही असता तर दोन्ही शब्द यादीत तरी असते, नाहीतर दोन्ही बाहेर. शिवाय 'सुरतेची लूट' म्हणताना आपल्या चौथीतल्या मनाला जे वाटायचे, ते सुरतेच्या व्यापाऱ्याला वाटले असेल का?

मग अर्थ हीच कसोटी मानायची का? ब्रिटिश कौन्सिलची यादी तसे म्हणते. पण तिचीही एक मर्यादा आहे. 'मदर'ला मत देणाऱ्याने शब्दाला मत दिले की आपल्या आईला? आईला दिले असेल तर तिथे इंग्रजीचा काही संबंध नाही. अर्थावर मते मागितली की सगळ्या भाषांची यादी एकच होईल. आई, प्रेम, स्वातंत्र्य, शांती; भाषांतर करून कुठल्याही देशात टांगावी. एखाद्या भाषेचे म्हणून जे सौंदर्य असते, ते या चाळणीतून खाली गळून जाते.

ते सौंदर्य कुठे असते, हे दाखवायला 'लव्ह' हाच शब्द घेतो. हा जुन्या इंग्रजीतला 'लुफु'. त्याचे मूळ आणि संस्कृत 'लुभ्' धातूचे मूळ एकच. म्हणजे लव्ह आणि लोभ ही एकाच घराण्यातली भावंडे. संस्कृतात लोभ षड्रिपूंच्या रांगेत जाऊन बसला. मराठीने मात्र त्याची दोन्ही रूपे सांभाळली. कीर्तनकार लोभाला शत्रू म्हणतो, आणि त्याच गावातली माणसे पत्राच्या शेवटी 'लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा' असे लिहितात. इकडे इंग्रज मनुष्य पत्राच्या शेवटी 'लव्ह' लिहून सही करतो. सात समुद्रांच्या दोन बाजूंना दोन भाषांनी पत्राच्या त्याच कोपऱ्यात तोच धातू ठेवला. यात नादही आहे, अर्थही आहे. पण त्याहून महत्त्वाची आहे वहिवाट. शब्द कुणी, कुणाला, कुठल्या प्रसंगी म्हटला याचा साठा त्यात होत जातो.

'लायलॅक'ची गोष्ट अशीच आहे. थंड प्रदेशात मे महिन्यात फुलणारे हे जांभळट फुलांचे झुडूप आपल्याकडच्या अनेकांच्या अंगणात आहे. कडक हिवाळा सोसल्याशिवाय ते नीट फुलत नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईत ते कुणी पाहिलेले नसते. पण शब्द पाहा. फ्रेंच, स्पॅनिश, अरबी अशी एकेक पायरी मागे गेले की फारसीतला 'लीलक' भेटतो. तो 'नीलक'चा, म्हणजे निळसरचा, बदललेला उच्चार. आणि त्यामागे उभा आहे आपला 'नील'. आपल्या घरातून निघालेला शब्द अर्धे जग फिरून न्यू इंग्लंडच्या कुंपणाशी फुलला. १९१९ पासून तो न्यू हॅम्पशायरचे राज्यफूल आहे.

मात्र व्युत्पत्ती हे या शब्दाचे अर्धेच सौंदर्य. उरलेले अर्धे अमेरिकेने घातले आहे. एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली तेव्हा लायलॅक फुललेला होता. वॉल्ट व्हिटमन यांनी लिंकनवरच्या शोकगीतात तो कायमचा ठेवला. तेव्हापासून या फुलाच्या नावाला वसंताइतकाच सुतकाचाही वास आहे. १९२२ साली एलियटने आपल्या सर्वांत प्रसिद्ध कवितेच्या आरंभी याच फुलाला बोलावले, ते उगीच नाही. न्यू इंग्लंडमध्ये जुन्या, सोडून दिलेल्या शेतांवर फिरताना कधीकधी घर नसते, तळघराचा दगडी खड्डा तेवढा असतो, आणि त्याच्या कडेला लायलॅक फुललेला असतो. लावणारी बाई जाऊन शंभर वर्षे झाली तरी. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी मला हे झुडूप पहिल्यांदा दाखवले, तेव्हा नाव सांगून त्या काही वेळ गप्प राहिल्या. शब्दकोशात ती शांतता छापलेली नाही. पण तो शब्द मला तिच्यासकटच मिळाला.

एलची अशी किती उदाहरणे द्यावीत! 'लिंगर' हे क्रियापद घ्या. निघायचे आहे, पाय निघत नाही, अशी अवस्था. मराठीत त्याला 'रेंगाळणे' आणि 'घुटमळणे' असे दोन तोडीस तोड शब्द आहेत. पाहुण्यांना निरोप द्यायला दारात गेलेली मराठी मंडळी कोट घालून पाऊण तास उभी असतात, त्याला दुसरे काय म्हणणार? किंवा न्यू ऑर्लीन्सचा 'लॅन्यॅप'. गिऱ्हाइकाने माल घेतला की दुकानदार वर जी छोटीशी वस्तू फुकट देतो, ती. दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून लुइझियानाच्या फ्रेंचमध्ये हा शब्द आला. मार्क ट्वेनने १८८३ साली मिसिसिपीवरच्या आपल्या पुस्तकात त्याचे तोंडभरून कौतुक केले आहे. भाजी तोलून झाल्यावर मंडईतली मावशी पिशवीत कोथिंबिरीच्या चार काड्या आणि दोन मिरच्या टाकते, तो आपला लॅन्यॅपच. आता हे सर्व ऐकून कुणी म्हणावे की इंग्रजी भाषा रुक्ष आहे!

तरीही आपण तसे म्हणतो. का म्हणतो, हा मला या विषयातला खरा प्रश्न वाटतो. त्याचे उत्तर पुन्हा विल्फ्रेड फंक यांच्याच चरित्रात सापडते.

दहा सुंदर शब्दांची यादी करणाऱ्या याच फंक यांनी १९४५ साली 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये शब्दसंग्रह वाढवण्याचे सदर सुरू केले. त्याच्या नावातच, शब्दशक्ती वाढवणे फायद्याचे असते, असे स्पष्ट सांगितले होते. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी, दादरला, सदाशिव पेठेत किंवा नागपूरच्या धरमपेठेत, डायजेस्टचे जुने अंक रद्दीवाल्याकडून आणून वडिलांनी ते पान सोडवून घेतले आहे. नंतर जीआरईच्या याद्या आल्या. एलच्या पानावर लॅकॉनिक, लँग्विड, लॅक्रिमोज, लुगुब्रियस आणि लोक्वेशस. यातला 'लुगुब्रियस' पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून पाहा. उदासवाण्या चेहऱ्याचे हुबेहूब चित्र त्या दोन 'उ'कारांत आहे, ओठ आपोआप पुढे येतात. पण आपण तो पाठ केला तो विरुद्धार्थी शब्दाच्या गोलात पेन्सिल फिरवण्यासाठी. फंक दोन होते. एकाने शब्द ऐकवले, दुसऱ्याने शब्दांचा मोबदला दाखवला. आपण फक्त दुसऱ्याकडे शिकलो. परिस्थितीच तशी होती आणि त्यात काही कमीपणा नाही. पण त्या शिकवणीवरून साऱ्या भाषेला रुक्ष म्हणणे न्यायाचे नाही.

इथे उतरल्यावर जो एल भेटला, तोही त्याच जातीचा. लायसन्स, लीज, लोन, लायबिलिटी, लॉयर. आणि सर्वांत जवळचा म्हणजे 'लेबर'. ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा तो पहिला टोलनाका : "तुमचं लेबर निघालं का हो?" हाच शब्द अमेरिकन बाई प्रसूतीच्या कळांसाठी वापरते. एका शब्दात एवढे दोन अर्थ असताना आपल्या पिढीच्या कानात त्याचा कागदोपत्री अर्थच आधी वाजतो.

आणि मग लेऑफ. फंक यांच्या कसोटीने पाहिले तर या शब्दात खुपणारे काही नाही. मऊ एल, मग लांबवलेला स्वर, शेवटी श्वास सोडल्यासारखा 'फ'. मराठीत यासाठी 'नारळ देणे' आहे. त्यात निदान कुणीतरी कुणाच्या तरी हातात काहीतरी देते आणि कोपरखळीतून राग बाहेर पडतो. लेऑफला हातही नाही आणि चेहराही नाही. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या घरात हा शब्द आला की २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त साठ दिवस हाती राहतात. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळवायची किंवा मुक्कामाची दुसरी काही कायदेशीर सोय करायची, नाहीतर चंबूगबाळे आवरायचे. हा शब्द ज्याने ऐकला त्याला ललबायच्या गोडव्याविषयी सांगू नये. त्याची इंग्रजी ही अशा शब्दांची बनलेली आहे आणि ती त्याला कोरडी वाटते, यात नवल नाही. ज्या भाषेत आपल्याला कुणी जोजवले नाही, जिच्यात आपण कुणाची समजूत काढली नाही, रुसलो नाही, ती कोरडीच लागणार.

इथपर्यंत बहुतेकांना पटेल. आता हाच आरसा जरा उलटा फिरवू.

आमच्या ओळखीच्या एका घरी कॉलेजात जाणाऱ्या मुलीला मी सहज विचारले, "मराठी म्हटलं की तुला 'ल'वरून पहिला शब्द कुठला आठवतो?" मला वाटले होते, लाडू म्हणेल. तिने क्षणाचाही विचार न करता सांगितले, "लवकर." मग आठवून आठवून, "लक्ष दे" आणि "लाज नाही वाटत?" सगळे हसले, तिची आई सर्वांत जास्त. पण यादी म्हणून पाहिले तर ती फंक यांच्या यादीपेक्षा प्रामाणिक आहे. लवकर ऊठ, लवकर आवर, लवकर खा, गाडी चुकेल. इथे वाढणाऱ्या मुलांच्या वाट्याला येणारी मराठी बरीचशी अशी आज्ञार्थी असते. गप्पा, गुपिते, थट्टा, मैत्रिणीशी केलेले भांडण आणि पहिले प्रेम हे सारे त्यांच्या आयुष्यात इंग्रजीत घडते. मराठी उरते ती आवराआवरीला. म्हणजे ऑफिसने आपल्यासाठी इंग्रजीचे जे केले, तेच आपण घरी मुलांसाठी मराठीचे करत आहोत. आपल्याला इंग्रजी रुक्ष वाटते आणि त्यांना मराठी कटकटीची वाटते. दोन्हींचे कारण एकच आहे, आणि ते कुठल्याच भाषेत नाही.

आपल्या मराठी शाळांतही आपण 'ल'चा तक्ता लावतो : लसूण, लिंबू, लाटणे. ठीक आहे, स्वयंपाकघर तरी पोचते. 'बाळ'चा 'बाल' आणि 'मळा'चा 'मला' होतो म्हणून 'ळ' घोटून घेतो, तेही योग्यच. हा वर्ण ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत आहे, पुढे अभिजात संस्कृतातून गेला, प्रमाण हिंदीतही नाही. मराठीने तो जपला, याचा अभिमान जरूर असावा. पण उच्चार सुधारला म्हणून शब्दाचा लळा लागत नाही. 'लळा' हा शब्द शिकवायचा तर कुणाला तरी कुणाचा तरी लळा लागलेला असताना तो कानावर पडावा लागतो. शेजाऱ्यांचे मांजर मुलाच्या मांडीवर येऊन झोपले असेल तर तीच वेळ. तेव्हा म्हणावे, "तुझा किती लळा लागलाय रे त्याला!" तो शब्द त्याला मांजरासकट मिळेल.

सुंदर शब्दांच्या याद्या वाचू नयेत, असे माझे म्हणणे नाही. रिकाम्या वेळी त्यांच्यासारखी करमणूक नाही. पण त्या याद्यांत शब्द टाचणीने टोचलेल्या फुलपाखरांसारखे असतात. रंग दिसतो, उडणे दिसत नाही. त्यावरून भाषांना गुण देत बसू नये. ज्यांची मुले आता मोठी झाली आहेत, त्यांना इंग्रजीकडे पुन्हा एकदा, या वेळी काही मोबदला न मागता, जायला सवड आहे. गावच्या वाचनालयात व्हिटमन फुकट मिळतो, आणि मे महिन्यात कुंपणापाशी दोन मिनिटे रेंगाळायलाही पैसे पडत नाहीत. ज्यांची मुले लहान आहेत त्यांनी दिवसातून एखादे 'लवकर' कमी करावे आणि त्या जागी 'ल'चा कुठलाही दुसरा शब्द घालावा. लोणी चालेल, लपंडाव चालेल, लेकरा म्हटले तर उत्तमच. पुढच्या कोजागरीला दुधाचा दुसरा पेला हातात आल्यावर मराठीच्या गोडव्याचा विषय निघेलच. तेव्हा मोठ्यांनी जरा गप्प बसावे आणि मुलांना विचारावे. त्यांचे उत्तर काय येते, त्यावरून आपल्या घरातल्या मराठीची अवस्था कळेल.